लेन्सच्या खोक्यावरचे दिवस आले कुठून?

नौपाड्यातल्या किंवा वाशीतल्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा, एक प्रश्न हमखास कानावर पडतो. ‘महिन्याची लेन्स मी पंधराच दिवस घातली, मग अजून पंधरा दिवस चालेल ना?’ दुकानदार नाही म्हणतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, हा विकायलाच बसलाय. गिऱ्हाइकाचा संशय अगदीच निराधार नाही. कॉन्टॅक्ट लेन्सचं प्लॅस्टिक महिन्याभरात विरत नाही, की त्यातला नंबर उडून जात नाही. पण डोळ्यावर बसल्यापासून काही मिनिटांतच ती खोक्यातून काढलेली कोरी लेन्स राहत नाही, हेही तितकंच खरं. ‘इयरली’, ‘मंथली’, ‘डेली’ हे प्रकार बाजारात आले त्यामागे साठेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बराचसा अश्रूंचा इतिहास आहे.

सॉफ्ट लेन्सच्या आधी काच होती. १८८०च्या दशकात जर्मन डॉक्टर अडॉल्फ फिक यांनी डोळ्याचा पांढरा भागही झाकणाऱ्या काचेच्या वाट्या बसवून पाहिल्या. १९४८ साली अमेरिकेत केविन टूही यांनी फक्त बुबुळापुरती, अॅक्रिलिक प्लॅस्टिकची छोटी लेन्स केली. आपल्याकडे जुने लोक जिला ‘हार्ड लेन्स’ म्हणतात ती हीच. ती टोचायची, सवय व्हायला वेळ लागायचा आणि तिच्यातून ऑक्सिजन जवळपास जातच नसे. कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन थेट हवेतून घेतो, त्यामुळे ही उणीव मोठी होती. मात्र त्या कडक प्लॅस्टिकचा एक गुण होता: ते काही शोषत नसे. पुसली की लेन्स पुन्हा होती तशी. एकच जोडी वर्षानुवर्षं वापरणारी माणसं होती.

मऊपणा आला तो प्रागमधून. रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले १९५२ साली आगगाडीत बसले असताना शेजारचा प्रवासी डोळ्यात बसवायच्या धातूच्या भागांविषयी वाचत होता. त्यावरून गप्पा सुरू झाल्या आणि विख्तर्लेंच्या डोक्यात आलं, की शरीरात ठेवायला धातूपेक्षा पाणी धरून ठेवणारं प्लॅस्टिक बरं. सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्याबरोबर त्यांनी हेमा या रेणूपासून एक जेल तयार केलं. १९६० साली ‘नेचर’मध्ये त्यावरचा लेख आला. लेन्स मात्र नीट जमेना. साच्यातून काढताना कडा फाटत. वरून सरकारी पाठिंबाही संपला. तेव्हा १९६१च्या नाताळात विख्तर्लेंनी घरीच, मुलांच्या मर्कुर नावाच्या खेळण्यातून (आपल्या मेकॅनोचा चेक भाऊबंद) आणि सायकलच्या डायनामोवरून एक यंत्र जुळवलं. फिरत्या साच्यात द्रव टाकायचा आणि तो गरगरत असतानाच घट्ट होऊ द्यायचा. कडा गुळगुळीत निघाल्या. पुढे हे हक्क अमेरिकेत गेले आणि १९७१ साली बॉश अँड लॉम्बच्या ‘सॉफलेन्स’ला तिथल्या औषध प्रशासनाने परवानगी दिली.

सगळी मेख या जेलच्या रचनेत आहे. हेमाच्या साखळ्यांचं जाळं आणि त्या जाळ्यात वजनाच्या ३८ टक्के पाणी. कोरडं असताना हेच प्लॅस्टिक कडक आणि ठिसूळ असतं. रात्री डबीतलं सोल्यूशन सांडलं तर सकाळी सापडणारा कडकडीत पापुद्रा हे त्याचं खरं रूप. मऊपणा येतो पाण्यामुळे आणि ऑक्सिजनही त्या पाण्यात विरघळूनच पलीकडे पोचतो. पण जिथून ऑक्सिजन जातो तिथून बाकीचंही बरंच काही आत शिरतं. डोळा तपासताना डॉक्टर नारिंगी रंगाची पट्टी लावण्याआधी सॉफ्ट लेन्स काढायला लावतात, ते याचसाठी. तो रंग लेन्स पिऊन टाकते. सोल्यूशनमधली रसायनं, हाताला राहिलेलं क्रीम, धूर हे सगळं थोडंथोडं आत मुरतं आणि मग तितक्याच सावकाश डोळ्यात परत उतरतं.

सगळ्यात आधी येऊन बसतात अश्रूंमधली प्रथिनं. त्यातलं लायसोझाइम हे जंतूंच्या भिंती फोडणारं प्रथिन अलेक्झांडर फ्लेमिंगने शोधलं आणि १९२२ साली जाहीर केलं. पेनिसिलीनच्या आधीचा हा त्याचा शोध. अश्रू मिळवायला तो प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळायचा असं सांगतात. लायसोझाइमवर धन विद्युतभार असतो. काही लेन्समध्ये जास्त पाणी धरावं म्हणून मेथॅक्रिलिक आम्ल घालतात आणि त्याने प्लॅस्टिकवर ऋण भार येतो. पुढचं सांगायला नको. लेन्स घातल्यावर मिनिटांत लायसोझाइम चिकटू लागतं, आणि अशा लेन्समध्ये ते पृष्ठभागावर थांबत नाही, जाळ्यात खोलवर जातं. १९८०च्या दशकात अमेरिकी औषध प्रशासनाने सॉफ्ट लेन्सचे चार गट पाडले, तेही पाणी ५० टक्क्यांच्या वर की खाली आणि भार आहे की नाही, या दोनच कसोट्यांवर. कोणती लेन्स डोळ्यावर कशी वागेल याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी येतो.

नुसतं प्रथिन साठणं वाईट नाही. त्याच्या रेणूची साखळी मूळ घडीत दुमडलेली असेपर्यंत डोळा त्याला आपलंच मानतो. घडी मोडली, की परकं. १९७७ साली अमेरिकेत मॅथिया अॅलनस्मिथ आणि सहकाऱ्यांनी वरच्या पापणीच्या आत मोठमोठे दाणे उठलेल्या लेन्सधारकांचं वर्णन प्रसिद्ध केलं. खाज, चिकट स्राव, लेन्स वर सरकणं अशी त्यांची लक्षणं होती. लेन्सवरच्या जुन्या थराला डोळ्याने दिलेली ही प्रतिक्रिया होती. आणि तो थर पक्का करायला त्या काळची स्वच्छतेची पद्धतच हातभार लावत होती. सुरुवातीच्या सॉफ्ट लेन्स रोज सलाइनमध्ये गरम करून निर्जंतुक करत. अंडं उकडल्यावर पांढरं होतं तसंच लायसोझाइमचं व्हायचं: लेन्स पिवळसर, धुरकट. मग आठवड्यातून एकदा एन्झाइमची गोळी आली. त्यातलं एक एन्झाइम पपेन, म्हणजे मटण शिजायला आपण कच्च्या पपईचा तुकडा घालतो त्यातलंच. गोळीने वरचा थर उतरायचा, आत मुरलेलं राहायचं.

गरम करणं मागे पडलं तशी रसायनं आली आणि त्यांनी आपले प्रश्न आणले. थायमेरोसल हे पाऱ्याचं संयुग सोल्यूशनमध्ये घालत. लेन्स ते साठवून ठेवायची आणि अनेकांचे डोळे लाल व्हायचे. मिठाच्या गोळ्यांपासून घरी सलाइन करणाऱ्यांमध्ये अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या मध्यात अकांथअमिबाच्या संसर्गाची साथ आढळली. हा अमिबा नळाच्या पाण्यातही असू शकतो आणि त्याचं कवच नेहमीच्या क्लोरीनला दाद देत नाही. ‘ठाण्याचं पाणी आपण पितो की, मग लेन्सला काय होतंय?’ याचं उत्तर इथे आहे. पोटात जाणं वेगळं आणि कॉर्नियाला चिकटलेल्या जेलमध्ये जाणं वेगळं. शिवाय साध्या पाण्यात क्षार कमी असल्याने लेन्स फुगते आणि डोळ्याला घट्ट बसते. २००६ मध्ये बॉश अँड लॉम्बने आपलं ‘रीन्यू विथ मॉइश्चरलॉक’ जगभरातून मागे घेतलं, ते फ्युझेरियम बुरशीच्या साथीनंतर. डबीतलं कालचं सोल्यूशन न टाकता त्यावरच नवं ओतायची सवय त्या साथीतही चर्चेत आली. ती सवय आपल्याकडे आजही जोरात आहे, आणि मला विचाराल तर लेन्स चार दिवस जास्त घालण्यापेक्षा ती जास्त महागात पडते.

दरम्यान कंपन्यांनी लेन्स घालूनच झोपायची मुभा विकायला सुरुवात केली होती. १९८१ साली अमेरिकेत सलग ३० दिवसांपर्यंत घालायच्या लेन्सना परवानगी मिळाली. १९८९ मध्ये अभ्यासांचे निकाल आले. फक्त दिवसा लेन्स घालणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० मध्ये सुमारे ४ जणांना कॉर्नियाचा अल्सर होत होता, रात्रीही ठेवणाऱ्यांत सुमारे २१ जणांना. ३० दिवसांची मर्यादा सातवर आली.

याच काळात डेन्मार्कच्या एका डॉक्टरने वेगळाच हिशेब मांडला. मायकेल बे यांचं म्हणणं होतं, की लेन्स स्वच्छ करण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा ती टाकून द्यावी, आणि टाकून देण्याइतकी स्वस्त बनवावी. ओल्या अवस्थेतच साच्यातून काढायचं त्यांचं तंत्र जॉन्सन अँड जॉन्सनने घेतलं आणि १९८७-८८ मध्ये ‘अॅक्युव्ह्यू’ बाजारात आली. गंमत अशी, की तिचं साहित्य एटाफिल्कॉन ए, ५८ टक्के पाणी आणि ऋण भार असलेलं. म्हणजे लायसोझाइम सगळ्यात जास्त ओढणाऱ्या गटातलं! तरीही ती चालली, कारण थर जुना होण्याआधीच लेन्स कचऱ्यात जायची. १९९०च्या दशकाच्या मध्यात रोजची लेन्स आली, तिच्यामागेही हाच विचार होता.

आता सुरुवातीच्या त्या गिऱ्हाइकाचा हिशेब. पाकीट फोडल्यापासून लेन्स डबीत असतानाही सोल्यूशन शोषत असते, आधीच्या दिवसांत बसलेलं प्रथिन तिच्यावर तसंच असतं, डबीच्या भिंतीवर जंतूंचा थर धरत असतो. म्हणून महिना मोजायचा तो कॅलेंडरवर, घातलेल्या दिवसांवर नाही.

ऑक्सिजनचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला १९९९च्या सुमाराला, सिलिकॉन हायड्रोजेलमुळे. सिलिकॉनमधून ऑक्सिजन पाण्यापेक्षाही सहज जातो. त्यामुळे २४ टक्के पाणी असलेली ‘नाइट अँड डे’ जुन्या हेमा लेन्सच्या कैक पट ऑक्सिजन पोचवू लागली. पण सिलिकॉनला पाण्याचं वावडं. दोन उघडझापींच्या मध्ये पृष्ठभागावरचा अश्रूंचा पातळ थर फाटला, की त्याच्या साखळ्या हवेच्या बाजूला वळतात आणि तो भाग ओला होईनासा होतो. म्हणून पहिल्या लेन्सना प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, मुलामा द्यावा लागला, नंतरच्या लेन्समध्ये पाणी धरणारी द्रव्यं आतच मिसळली. साठणाऱ्या गोष्टीही बदलल्या. प्रथिन पुष्कळ कमी बसतं, पण जे बसतं त्यातलं जास्त प्रमाणात घडी मोडलेलं असतं, आणि पापण्यांच्या कडांमधल्या ग्रंथींतली चरबी मात्र भरपूर चिकटते. सकाळी स्वच्छ दिसणारं संध्याकाळी तेलकट पडद्यातून दिसू लागतं ते तिच्यामुळे. आणि इतका ऑक्सिजन देऊनही रात्री लेन्स ठेवणाऱ्यांमधला संसर्ग अपेक्षेइतका उतरला नाही. सगळा दोष ऑक्सिजनच्या माथी मारणं बहुधा सोयीचं होतं.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात या सगळ्याला एक स्थानिक बाजू आहे. १९६०च्या दशकापासून इथे नोसिलसारखे रासायनिक कारखाने उभे राहिले. कारखान्यातल्या वाफा लेन्समध्ये साठतील या भीतीने अशा ठिकाणी लेन्सवर बंदी असणं तेव्हा जगभर रुळलेलं होतं. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने १९७८ मध्ये तसाच सल्ला दिला होता, तो २००५ मध्ये बदलून योग्य संरक्षक चष्म्यासह लेन्स घालायला हरकत नाही असं सांगितलं. तोवर या पट्ट्याचा चेहराच बदलत होता. आज ऐरोली-घणसोलीत लेन्सवाले सर्वाधिक दिसतात ते काचेच्या इमारतींत, एसीच्या झोताखाली, पडद्याकडे टक लावून. कोरडी हवा आणि पडद्यासमोर निम्म्यावर आलेली पापण्यांची उघडझाप, यात लेन्समधलं पाणी उडतं. पाणी उडालं की लेन्स किंचित आकसते, तिची गोलाई वाढते, ती कमी हलते. विशेष म्हणजे जास्त पाण्याच्या लेन्स जास्त सुकतात. पातळ आणि भरपूर पाण्याची लेन्स तर आपली तूट कॉर्नियातून भरून काढते आणि त्याच्या पृष्ठभागावर कोरडे चट्टे पडतात, हे १९८०च्या दशकातच लक्षात आलं होतं. ‘जास्त पाणीवाली द्या, डोळे सुकतात’ ही काउंटरवरची मागणी म्हणून उलटी पडू शकते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आतून ३३ टक्के आणि पृष्ठभागाशी ८० टक्क्यांहून जास्त पाणी असलेल्या रोजच्या लेन्स आल्या, त्या या कोंडीवरचा उपाय म्हणूनच. किंमत ऐकून लोक पुन्हा महिन्याच्या खोक्याकडे वळतात, ही गोष्ट वेगळी.

वर्षभराची हेमा लेन्स संपली असं मात्र नाही. नेहमीच्या खोक्यात न मिळणारे नंबर, डोळ्यावरचा पांढरा डाग झाकणाऱ्या लेन्स, हे काम ती अजून करते. आणि लग्नसराईत ती सगळ्यात जास्त दिसते. हिरव्या-करड्या रंगाच्या हौशी लेन्सपैकी पुष्कळ याच जुन्या साहित्याच्या असतात. नंबर नाही म्हणून तपासणी नाही, वर्षभर चालते म्हणून मेकअपच्या पेटीत ठेवलेली आणि कधीकधी या नवरीकडून त्या नवरीकडे गेलेली. बाकी सगळं जाऊ द्या, पण हेमाने शोषलेलं पुसून निघत नाही. आधीच्या नवरीचे अश्रू, काजळ, मस्करा आणि सोल्यूशन घेऊनच ती पुढच्या डोळ्यात जाते.