क्लासिक रॉक : कीर्ती आणि श्रेय

क्लासिक रॉक : साधारणपणे १९६० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड-अमेरिकेत ध्वनिमुद्रित झालेल्या आणि मुख्यतः अल्बमच्या रूपाने ऐकल्या गेलेल्या रॉक संगीताला रूढ असलेले नाव. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, पिंक फ्लॉइड, क्वीन, ईगल्स हे त्यातील ठळक बँड. त्यांची चरित्रे परिचित असल्याने येथे दिलेली नाहीत. या कलावंतांची पन्नास वर्षे टिकलेली कीर्ती कशी घडली आणि ती कितपत रास्त आहे, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

संज्ञेचा उगम : हे नाव संगीतकारांनी किंवा समीक्षकांनी दिलेले नसून ते अमेरिकेतील रेडिओ व्यवसायातून आले, याबद्दल दुमत नाही. नेमके कोठून आणि केव्हा आले, याबद्दल मात्र आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या एफएम केंद्रांवर अल्बममधील गाणी वाजवण्याचा ‘एओआर’ (अल्बम-ओरिएंटेड रॉक) हा साचा स्थिरावला होता. या केंद्रांचा तरुण श्रोता तिशीकडे झुकू लागला, तसे त्याला धरून ठेवण्यासाठी त्याच्या विशीतली गाणी पुन्हापुन्हा लावली जाऊ लागली. क्लीव्हलँडच्या ‘एम १०५’ या केंद्राने १९८० मध्ये ‘क्लीव्हलँड्स क्लासिक रॉक’ अशी स्वतःची जाहिरात केली आणि १९८१ मध्ये शिकागोच्या ‘डब्ल्यूएमईटी’ने तोच शब्द उचलला. तथापि या केंद्रांवर नवी गाणीही वाजत. ली एब्रम्स या सल्लागाराने १९८२ मध्ये आखलेला ‘टाइमलेस रॉक’ हा साचाही असाच मिश्र होता. चालू काळातले एकही गाणे न लावता फक्त जुने अल्बम-रॉक वाजवण्याचा प्रयोग ह्यूस्टनच्या ‘केआरबीई’वर पॉल क्रिस्टी यांनी १९८३ मध्ये केला. त्याच वर्षी डॅलस परिसरातील ‘केआरक्यूएक्स’ हे केंद्रही त्या वाटेने गेले. साच्याचा देशभर प्रसार होण्यास १९८० च्या दशकाचा मध्य उजाडावा लागला. वॉशिंग्टनच्या ‘डब्ल्यूसीएक्सआर’वर फ्रेड जेकब्ज यांना आणि बॉस्टनच्या ‘डब्ल्यूझेडएलएक्स’वर गॅरी गथ्री यांना यश आले आणि पुढील काही वर्षांत या दोघांनी मोठ्या शहरांतील ४० हून अधिक केंद्रे या साच्यात आणली. काही लेखक या प्रसारालाच उगम मानतात. शब्दाचा पहिला वापर शोधायचा असेल तर १९८० आणि साच्याचा जन्म शोधायचा असेल तर १९८३ ही साले धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

हा तपशील किरकोळ नाही. कोणते गाणे लावायचे हे ठरवण्यासाठी ही केंद्रे श्रोत्यांना गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून पसंती विचारत. ओळखीचा तुकडा पास होई, अनोळखी गळून जाई. एका पिढीच्या अफाट संगीतातून काही शे गाण्यांची यादी उरली आणि पुढच्या पिढीला तोच इतिहास वाटू लागला. स्टीव्ही वंडर, अरीथा फ्रँक्लिन, स्लाय स्टोन यांच्यासारखे त्याच काळातले कृष्णवर्णीय कलावंत या यादीत क्वचितच आले. जिमी हेन्ड्रिक्स हा ठळक अपवाद. आज ही केंद्रे १९९० च्या दशकातली गाणीही लावतात. म्हणजे ‘क्लासिक’ची सीमा संगीताच्या गुणांपेक्षा श्रोत्याच्या वयाबरोबर सरकते, असे मानण्यास जागा आहे.

कीर्ती टिकवणाऱ्या संस्था : सॅन फ्रान्सिस्कोत १९६७ मध्ये सुरू झालेले ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक आणि ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ ही निवडक कलावंतांचा गौरव करणारी संस्था यांचा उल्लेख सर्वत्र येतो. हॉल ऑफ फेमची स्थापना १९८३ मध्ये झाली, पहिली निवड १९८६ मध्ये झाली आणि क्लीव्हलँडचे संग्रहालय १९९५ मध्ये उघडले. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर २५ वर्षे उलटल्यावर कलावंत निवडीस पात्र ठरतो. १९४० च्या दशकात विजेची गिटार घेऊन भक्तिगीते गाणाऱ्या आणि रॉकच्या आद्य वादकांत गणल्या जाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प यांची तेथे निवड झाली ती २०१८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. या दोन्ही संस्थांच्या संस्थापकांपैकी एक असलेले यान वेनर यांनी २०२३ मध्ये कृष्णवर्णीय व स्त्री संगीतकारांविषयी अवमानकारक विधाने केली. त्यानंतर त्यांना हॉल ऑफ फेमच्या संचालक मंडळावरून दूर करण्यात आले. संस्था बदलतात हेही नोंदवले पाहिजे. ‘रोलिंग स्टोन’च्या ५०० सर्वोत्तम अल्बमांच्या २००३ मधील यादीत बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ पहिला होता. २०२० च्या यादीत मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर’ २४ व्या स्थानावर गेला.

मात्र सगळी कीर्ती समीक्षकांनी फुगवली हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही. लेड झेपेलिनच्या १९६९ मधील पहिल्या अल्बमवर याच नियतकालिकात जॉन मेंडेल्सन यांनी कडक टीका केली. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बमला लेस्टर बँग्ज यांनी झिडकारले आणि क्वीनवर १९७९ मध्ये डेव्ह मार्श यांनी फॅसिस्ट वृत्तीचा ठपका ठेवला. श्रोत्यांनी हे मत मानले नाही. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ चा अल्बम अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे होता. एवढा काळ नुसत्या जाहिरातीवर निघत नाही. अलीकडे यात व्यापारी हितसंबंधांचीही भर पडली आहे. बॉब डिलन यांनी २०२० मध्ये आपल्या गीतांचे हक्क युनिव्हर्सलला आणि ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी २०२१ मध्ये आपले हक्क सोनीला विकले. ज्यांनी मोठी रक्कम मोजली त्यांना ती गाणी वाजत राहायला हवीच आहेत.

रचनेच्या श्रेयाचा वाद : कीर्तीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप येथे आहे आणि त्याचे सर्वाधिक दाखले लेड झेपेलिनकडे सापडतात. ब्लूज ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची मौखिक परंपरा. तिच्यात कडवी एका गायकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात, त्यामुळे रचनाकार ठरवणे अवघड, असा बचाव नेहमी केला जातो. तो अंशतः खरा आहे. आपल्याकडे ख्यालाचे रचनाकार सदारंग यांनी आपली मुद्रा, म्हणजे आपले नाव, बंदिशीतच गुंफून ठेवली. तशी सोय ब्लूजमध्ये सर्रास नव्हती. पण वादातली बरीच गाणी हरवलेल्या परंपरेतली नाहीत. हयात, नाव-पत्ता असलेल्या माणसांची आहेत.

‘होल लॉटा लव्ह’ (१९६९) या गाण्याचे शब्द विली डिक्सन यांच्या ‘यू नीड लव्ह’शी जुळतात. ते मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित केले होते. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्यांचे नाव श्रेयनामावलीत आले. ‘द लेमन साँग’मध्ये हाउलिन वूल्फ यांच्या ‘किलिंग फ्लोअर’चा मोठा भाग आहे. ‘बेब आय अॅम गॉना लीव्ह यू’ हे पारंपरिक म्हणून छापले गेले. वस्तुतः ते अॅन ब्रेडन यांनी १९५० च्या दशकात रचले होते आणि त्यांचे नाव १९९० मध्ये आले. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे जेक होम्स यांच्या १९६७ च्या अल्बममध्ये त्याच नावाने आहे. होम्स यांनी २०१० मध्ये दावा केला आणि तडजोडीनंतर ‘जेक होम्स यांच्यापासून प्रेरित’ असा उल्लेख येऊ लागला. या चार गाण्यांनंतर योगायोगाचे समर्थन करणे कठीण आहे.

सर्वांत गाजलेला खटला मात्र सर्वांत कमकुवत होता. ‘स्टेअरवे टू हेवन’ची (१९७१) सुरुवात स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’वरून (१९६८) घेतली, असा दावा त्या बँडचे गिटारवादक रँडी कॅलिफोर्निया यांच्या न्यासाच्या वतीने २०१४ मध्ये करण्यात आला. दोन्हीकडे ए मायनर स्वरमेळातून एक ओळ अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरते. अशी उतरती ओळ युरोपीय संगीतात १७ व्या शतकापासून आढळते, म्हणून केवळ तिच्यावर कोणाचाही हक्क सांगता येत नाही. कायद्याची बाजूही गुंतागुंतीची होती. ‘टॉरस’ १९०९ च्या अमेरिकन स्वामित्वहक्क कायद्याखाली नोंदलेले असल्याने तुलना ध्वनिमुद्रणाशी नव्हे, तर नोंदणीच्या वेळी जमा केलेल्या एका पानाच्या स्वरलेखनाशी करायची होती. ज्यूरीने २०१६ मध्ये लेड झेपेलिनच्या बाजूने निर्णय दिला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी फेरसुनावणीचा आदेश दिला. मार्च २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या विस्तारित पीठाने ज्यूरीचा निर्णय कायम केला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. हा निकाल आधीच्या चार प्रकरणांनाही निर्दोष ठरवतो असे समजणे चूक होईल.

श्रेय देऊनही ते अपुरे राहते, याचे उदाहरण ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचे हे गाणे कॅन्सस जो मकॉय आणि मेम्फिस मिनी यांनी १९२९ मध्ये मुद्रित केले. गायन मकॉय यांचे होते. लेड झेपेलिनने ते १९७१ मध्ये गायले; त्या अल्बमवर बँडच्या चारही सदस्यांबरोबर मेम्फिस मिनी यांचे नाव आहे. मकॉय यांचे नाही.

वादन आणि मुद्रण : याच गाण्यात दुसरी बाजूही दिसते. हॅम्पशायरमधील हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत लेड झेपेलिनचे ड्रमवादक जॉन बॉनम यांचा ड्रमसंच जिन्याच्या तळाशी मांडला होता. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांनी ड्रमजवळ माइक न ठेवता दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले. त्यामुळे टिपरीचा मूळ आघात आणि त्या उंच जिन्यात घुमून आलेला त्याचा नाद एकत्र टिपला गेला. गाणे सुरू होताच, एकही शब्द येण्याआधी, दार धाडकन लागावे तसा तो ठेका कानावर आदळतो. १९२९ च्या मुद्रणात दोन गिटार आणि एक आवाज आहे. त्यात या नादाचा मागमूसही नाही. पुढे बीस्टी बॉइज या रॅप गटाने १९८६ मध्ये हाच ठेका उचलून आपल्या गाण्यात वापरला. शब्द उसने असले तरी हे ध्वनिशिल्प बॉनम-जॉन्स यांचे स्वतःचे आहे, आणि त्याबद्दलची कीर्ती त्यांना पूर्णपणे शोभते.

ती कीर्ती बहुधा बँडच्या नावावर जमा होते आणि बाहेरून बोलावलेले कलावंत मागे राहतात, हा आक्षेप तुलनेने कमी चर्चिला गेला आहे. वास्तविक तो अधिक बोचरा आहे. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ हे शब्दहीन गायन क्लेअर टॉरी यांचे आहे. त्यांना चाल दिलेली नव्हती; पियानोच्या स्वरमेळांवर त्यांनी ते उत्स्फूर्तपणे गायले. रविवार असल्याने दुप्पट दराने ३० पौंड मिळाले. सहरचनाकार म्हणून त्यांनी २००४ मध्ये दावा लावला आणि २००५ मधील तडजोडीनंतर पिंक फ्लॉइडचे रिचर्ड राइट यांच्या नावाशेजारी त्यांचे नाव आले. तोपर्यंत अल्बम ३२ वर्षे विकला जात होता. प्रोकोल हारमच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मधील (१९६७) ऑर्गनची धून रचणारे मॅथ्यू फिशर तर बँडचेच सदस्य होते. त्यांचा हक्क ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००९ मध्ये मान्य केला. चक बेरी यांचे पियानोवादक जॉनी जॉन्सन यांचा असाच दावा मात्र २००२ मध्ये, फार उशीर झाल्याच्या कारणावरून, फेटाळला गेला.

अभ्यासकांची मते : मोटी रेगेव्ह यांच्यासारखे समाजशास्त्रज्ञ रॉकचे कलामूल्य हे नियतकालिके, समीक्षक आणि संस्था यांनी घडवलेले मानतात. जॅक हॅमिल्टन यांनी २०१६ च्या ग्रंथात १९६० च्या दशकात रॉक हे ‘गोऱ्यांचे संगीत’ कसे समजले जाऊ लागले याची मांडणी केली. थिओडोर ग्रॅसिक यांच्या मते रॉकमधील मूळ कलाकृती म्हणजे ध्वनिमुद्रण. कागदावरचे गाणे दुय्यम. वर दिलेला पुरावा पाहता ग्रॅसिक यांची भूमिका अधिक ग्राह्य वाटते, कारण कोणाचे कर्तृत्व कशात आहे हे तीमुळे वेगळे काढता येते. मात्र ती हॅमिल्टन यांच्या मांडणीसह वाचली नाही, तर मूळ रचनाकारांवर पुन्हा अन्यायच होतो. रोलिंग स्टोन्सचे उदाहरण येथे उल्लेखनीय आहे. त्यांचे नावच मडी वॉटर्स यांच्या १९५० च्या गाण्यावरून आले. १९६५ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाण्याची संधी मिळाली तेव्हा त्यांनी हाउलिन वूल्फ यांनाही त्याच कार्यक्रमात आणवले आणि ते गात असताना स्वतः त्यांच्या पायाशी बसले.

महाराष्ट्राशी संबंध : क्वीनचे फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, हे झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी. त्यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तेथेच ते ‘द हेक्टिक्स’ या विद्यार्थ्यांच्या बँडमध्ये पियानो वाजवत. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी १९७२ मध्ये मुंबईत भारतीय वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी नव्याने मुद्रित केली. ही मुद्रणे ४३ वर्षांनी, २०१५ मध्ये अधिकृतपणे प्रकाशित झाली. गाण्यांच्या शीर्षकापुढे, कंसात, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असे छापलेले आहे.