नथू नाव आलं कुठून आणि गेलं कुठे

जळगाव-धुळ्याकडचा जुना सातबारा काढा, दोन-चार नथू हमखास सापडतील, बापाचं नाव भिका नाहीतर दगडू. आताच्या बालवाडीच्या हजेरीत मात्र नथू शोधून दाखवा.

हे नाव लाडातून आलेलं नाही, भीतीतून आलंय. घरात आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्या मुलाचं नाक टोचून नथ घालायचे, म्हणजे नजर लावणाऱ्याला तो मुलगी वाटावा आणि त्याने सोडून द्यावं (मुलीवर कोण डोळा ठेवतो, हा त्यातला हिशोब, जाऊ द्या). तो झाला नथू. उकिरड्यावर ठेवून परत उचलला तो उकर्डू, भीक मागून आणल्यासारखा केला तो भिका, आणि दगडू-धोंडू म्हणजे देवा, हा दगड आहे, नेऊन काय करशील. आणि भीती खोटी नव्हती हो, छप्पनचा दुष्काळ (विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९००), प्लेग, मग १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ, सगळं एकामागोमाग.

बहिणाबाई चौधरींचंच घर बघा ना. जन्म १८८०, असोद्याचा. नवऱ्याचं नाव नथूजी, सासऱ्याचं खंडूजी, आणि मुलं ओंकार आणि सोपानदेव. म्हणजे खंडोबा, मग नथ, मग थेट वारकऱ्यांचा सोपान. नावं कशी बदलत गेली ते एका घरातच दिसतं.

आता बरेच जण म्हणतात गोडसेमुळे नाव बुडालं. नथुराम गोडसेची गोष्ट तीच, आधीचे भाऊ लहानपणीच गेले, मूळ नाव रामचंद्र, नाकात नथ म्हणून नथुराम. ३० जानेवारी १९४८ नंतर हे नाव ठेवताना कुणी दचकलं असेल, ते मान्य. पण मग उकर्डू का गेला? भिका, धोंडू का गेले? त्यांच्यात तर कुणी गोडसे नव्हता. मला विचाराल तर नथूला संपवलं ते लसींनी, सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणांनी. पोरं जगायला लागली, मग नाक कशाला टोचायचं? त्यात शाळेत मास्तर हजेरी घेताना पोरं हसायची ते वेगळं, म्हणून कितीतरी नथूंनी आपल्या मुलांची नावं सुरेश, प्रकाश, दिलीप अशी ठेवली आणि नातवंडांपर्यंत तर आरव-अथर्व आलेच. राहिला नथू तो लग्नपत्रिकेत, कै. च्या पुढे.