इंदुरात बोर्दो थंडीतच का?

थंडी पडली की सराफ्यात गराडू येतो, आणि विजयनगरकडच्या एका वाइन शॉपात बोर्दोच्या लाल वाइनचा वेगळा कप्पा लागतो. गराडूचं कारण उघड आहे, कंद तेव्हाच निघतो. फ्रान्समधल्या बोर्दोत मात्र द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. त्यांची चांगली वाइन ओकच्या पिंपात वर्ष-दीड वर्ष मुरते आणि बाटली आपल्याकडे पोचेपर्यंत आणखी वर्षं उलटतात. म्हणजे पिकाच्या हंगामाशी या कप्प्याचा संबंध नाही. दुकानदार लग्नसराई आणि नाताळ सांगेल. धंद्यापुरतं ते खरंच आहे, पण त्याहून भक्कम कारण थर्मामीटरमध्ये सापडतं.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात. हा सल्ला युरोपातल्या जुन्या, थंडगार घरांतून आलेला आहे, तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. इंदूरच्या घरात हा आकडा डिसेंबर-जानेवारीतच दिसतो. मे महिन्यात बाहेर चाळिशी आणि आत बत्तीस-तेहतीस असताना तीच बाटली उघडली तर अल्कोहोल भराभर उडतं, नाकात आधी तेच शिरतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. उलट फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायली तर वास मिटलेले असतात आणि तुरटपणा बोचतो. उन्हाळ्यात उघडायचीच असेल तर आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी, एवढं पुरतं.

हा तुरटपणा नीट समजून घेण्यासारखा आहे. बोर्दोच्या काळ्या द्राक्षांचा गर पांढुरकाच असतो. रंग असतो सालीतल्या अँथोसायनिनमध्ये आणि तुरटपणा साल व बियांमधल्या टॅनिनमध्ये. म्हणून लाल वाइन करताना रस साल-बियांसकट आंबवतात. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, आणि तयार होणारं अल्कोहोल सालीतून टॅनिन बाहेर काढायला मदत करतं. घोट तोंडात गेला की हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं. प्रोलीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असलेली ही प्रथिनं एरवी जीभ आणि गाल बुळबुळीत ठेवतात. टॅनिनशी जुळून ती गुठळ्या होऊन बाजूला पडली की वंगण संपतं आणि जीभ गालाला घासू लागते. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला, आजचं शरीरशास्त्र मात्र तुरटपणा मुख्यतः स्पर्शाच्या खात्यात टाकतं. हिरडा, सुपारी, कच्चं केळं, जांभूळ यांनी तोंड आवळतं तेही टॅनिनमुळेच.

यातूनच सोबत काय खावं हेही कळतं, आणि इथे इंदूरकरांची सोय आहे. दुधातलं केसीन हेही टॅनिनला धरणारं प्रथिन. चहात दूध घातलं की तो मवाळ लागतो तो यामुळेच. फ्रेंच लोक चीज घेतात; आपल्याकडे दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस आहे, फक्त हिरवी मिरची बेताची हवी. टॅनिनला तोंडात दुसरं प्रथिन मिळालं की लाळेवरचा मारा कमी होतो. गराडू मात्र मसाला भुरभुरलेला असेल तर या वाइनशी जमत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या उष्णताग्राहीला चेतवतं, त्यालाच अल्कोहोलही हळवं करतं. दोन्ही एकत्र आले की जाळ वाढतो.

आता लेबलाकडे, आधी त्यावरच्या ठिकाणाच्या नावाकडे. जिरोंद नावाच्या खाडीमुखाच्या आणि तिला मिळणाऱ्या नद्यांच्या दोन काठांवर हा प्रदेश पसरलेला आहे. डाव्या काठावर, म्हणजे मेदोककडे, जमीन गोट्यांची. ती पाणी धरत नाही, लवकर तापते आणि उशिरा पिकणाऱ्या काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाला मानवते. उजव्या काठावर सँतेमिल्यों आणि पोमरोलकडे चिकणमाती व चुनखडी, तिथे लवकर पिकणाऱ्या मेर्लोचं राज्य. पहिलीत टॅनिन जास्त, दुसरी मऊ. काबर्ने पुरती पिकली नाही तर तिला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. तो मेथॉक्सिपायरझीन गटातल्या रेणूंचा, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाक त्यांना पकडतं. गंमत म्हणजे या नामांकित काळ्या द्राक्षाचा एक पालक पांढरा आहे. काबर्ने फ्रां आणि पांढरं सोव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून ते आलं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये डीएनएवरून दाखवलं.

लेबलावरचं साल हे तोडणीचं साल. आपल्याला त्याचं महत्त्व चटकन कळत नाही, कारण नाशिककडे वेल पूर्ण झोपतच नाही. एप्रिलच्या सुमारास नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, पावसाळा सरताना फळासाठी गोडी छाटणी, आणि जानेवारी ते मार्च कोरड्या हवेत तोडणी. बरंचसं शेतकऱ्याच्या हातात. सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावरच्या बोर्दोत वेल हिवाळाभर निजतो, छाटणी एकच, आणि अटलांटिककडून येणारा पाऊस केव्हा कोसळेल याचा भरवसा नाही. २०१३ थंड आणि ओलं गेलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये उशिराच्या गारठ्याने कोंब जळाले. २००३ आणि २०२२ ही कडक उन्हाची वर्षं. ऊन वाढत चाललं म्हणून २०२१ मध्ये तिथे पोर्तुगालच्या तुरिगा नासिओनालसह चार नव्या काळ्या वाणांना प्रयोगापुरती परवानगी मिळाली. मिश्रणात त्यांचा वाटा जास्तीत जास्त १० टक्के.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना बोर्दो वेगळ्याच कारणाने ठाऊक आहे. वेलींच्या केवडा रोगावर फवारायचं मोरचूद आणि चुन्याचं निळं बोर्डो मिश्रण तिथलंच. १८८० च्या दशकात बोर्दो विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या लक्षात आलं, की वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे मिश्रण फासलंय आणि रोगात नेमक्या त्याच वेली तगल्यात. १८८५ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

कप्प्यात बाटलीखाली जी कार्डं असतात, ‘काळ्या बेरी, चामडं, सिगारचा डबा’ वगैरे, ती मी मनावर घेत नाही. २००१ मध्ये बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी वास नसलेला लाल रंग घातलेली पांढरी वाइन दिली. वाइनशास्त्र शिकणाऱ्या त्या मुलांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला काय हुंगायचं ते सांगून ठेवतो. ‘हृदयाला चांगली’ असं लिहिलेल्या कार्डाकडे तर बघूच नये: सुरक्षित म्हणावं असं मद्याचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

त्यापेक्षा दुकानदाराला विचारावं, ही बाटली गेल्या मे महिन्यात कुठे होती? बाटलीत रसायनं थांबलेली नसतात. टॅनिन आणि रंगाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या होतात, तुरटपणा मवाळ होतो, जांभळा रंग विटकरीकडे झुकतो, तळाशी गाळ बसतो. १२ ते १५ अंशांत हे काम संथपणे, कित्येक वर्षं चालतं. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावला, तर ३३ अंशांच्या गोदामात तो चौपट. पण म्हणून वाइन चौपट वेगाने ‘मुरते’ असं नाही. सगळ्या क्रिया सारख्या वेगाने धावत नाहीत; नको त्या पुढे निघतात आणि ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या फळाची चव येते. शिवाय द्रव फुगतो. २० अंशांवरून ४० वर गेली तर ७५० मिलिलिटर वाइन पाच-सहा मिलिलिटरने वाढते, आणि बुचाखालची मोकळी जागा जेमतेम तेवढीच असते.

उन्हाळा लागला की उरलेला माल सवलतीत निघू शकतो. घ्यायचाच तर बाटली उजेडात धरून बुचाखालची पातळी शेजारच्या बाटल्यांशी ताडावी. मग तोंडावरून बोट फिरवावं: बूच वर सरकून वेष्टन फुगलेलं असेल किंवा मानेवर चिकट ओघळ वाळलेला असेल, तर निम्म्या किमतीतही ती परत ठेवावी.