जुन्या गाडीत टर्बो इंजिन बसवायचंय? आधी आरसी काढून बघा

मावसभावाचा फोन आला, म्हणला पद्मिनीत (प्रीमियर पद्मिनी, ती जुनी फियाट कार) टर्बो डिझेल बसवायलो, इंजिन बघून ठेवलंय, आता आरटीओचं काय ते सांग. मी म्हणलं उलटं करायलास तू, आरटीओचं आधी असतं. असंच बरेच जण विचारायलेत म्हणून सगळं एकदाच लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीनं जे मूळ दिलं आणि आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) जे छापलंय, म्हणजे मेक, मॉडेल, इंधन, सीसी, ते जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका केसमध्ये हेच ठणकावून सांगितलं. आता पद्मिनीचं पेट्रोल इंजिन १०८९ सीसीचं, ताकद ४० बीएचपीच्या आसपास, आणि भावानं बघितलेलं १२४८ सीसीचं टर्बो डिझेल ७५ चं. कंपनी वेगळी, इंधन वेगळं, सीसी वेगळी, आरसीवर चढवायचं तरी कसं? आणि तसंच पळवलं तर कलम १८२अ खाली एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय ड्रम ब्रेक त्या जुन्याच ताकदीच्या हिशोबाचे, मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

मग होतं काय? इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवणं. ह्याच्यासाठी परिवहनच्या साईटवर वाहन सेवेत गाडी नंबर आणि चेसिस (गाडीचा सांगाडा) नंबरचे शेवटचे ५ आकडे टाकायचे, ओटीपी येतो (मोबाईल नंबर आरसीला जोडलेला पाहिजे, जुन्या गाड्यांचं घोडं इथंच अडतं), मग गाडीतल्या बदलाचा अर्ज निवडून फी भरायची, प्रिंट काढायची आणि गाडी घेऊन आपल्या आरटीओत जायचं. एमएच २० वाल्यांनी संभाजीनगर, २४ वाल्यांनी लातूर, २६ वाल्यांनी नांदेड. परवानगी आधी घ्या, कारण न विचारता बदल केला तर १४ दिवसात कळवायची जबाबदारी मालकावर आहे. इन्स्पेक्टर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर बघतो.

कागद म्हणजे मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती, आणि सगळ्यात महत्त्वाचं इंजिनचं पक्कं बिल ज्याच्यावर इंजिन नंबर असंल. भंगारातून घेत असाल तर ज्या गाडीचं इंजिन आहे तिची आरसी कॅन्सल झाल्याचा कागद मागूनच घ्या. कोऱ्या पावतीवर पैसे देऊ नका, उद्या ते इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर तुम्ही काय दाखवणार?

आता वाड्यात १९७० ची वगैरे फियाट झाकून ठेवलेली असंल तर हात जोडून सांगतो, तिच्या इंजिनला हात लावू नका. २०२१ च्या नियमानं पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या खाजगी दुचाकी-चारचाकीला विंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल झालेला नसावा. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत इन्शुरन्स आणि जुनी आरसी, परदेशातून आणलेली असंल तर बिल ऑफ एंट्री (कस्टमचा आयातीचा कागद). नवीन नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पुढची ५,००० त. रोजच्या वापराला किंवा धंद्याला मात्र ती गाडी चालत नाही. टर्बो घातला की हा रस्ताच बंद.

आरसीवर नवा इंजिन नंबर चढला की तिची कॉपी इन्शुरन्स कंपनीला देऊन पॉलिसीतला नंबर पण बदलून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी तिथं अडवतील.