स्पॅम फिल्टर आणि चुकून अडलेला मेल

स्पॅम फिल्टर : आलेला ईमेल कामाचा की नकोसा हे ठरवून त्याला इनबॉक्समध्ये घेणारी, स्पॅम फोल्डरमध्ये टाकणारी किंवा दारातूनच परत लावणारी यंत्रणा. कामाचा मेल तिने चुकून अडवला, तर त्याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा पिंपळगाव बसवंतच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये हा शब्द कोणी वापरत नाही. तिथे मेल ‘स्पॅमला जातो’.

बहुतेक फिल्टर एका पुराव्यावर निकाल देत नाहीत, संशयाची बेरीज करतात. जस्टिन मेसन यांनी २००१ मध्ये आणलेला आणि पुढे अपाची फाउंडेशनकडे गेलेला ‘स्पॅमअसॅसिन’ हे याचे ठळक उदाहरण. त्यात शेकडो नियम असून प्रत्येकाला दशांशातले गुण आहेत, काहींना वजा गुणही. बेरीज ५ झाली की मेल स्पॅम, ही त्याची मूळ मर्यादा.

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षनिर्यातीचा हंगाम. समजा, एका निर्यातदाराने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला कंटेनरची कागदपत्रे पाठवली. विषयाची ओळ सगळी कॅपिटल अक्षरांत, त्यात ‘अर्जंट’ : १.५. मजकूर एक ओळ, बाकी स्कॅन केलेले चित्र : १.२. डोमेन नुकतेच घेतलेले : १. सर्व्हरचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) आणि नाव जुळत नाही : १.४. एकूण ५.१. आकडे समजुतीपुरते आहेत, पण घडते ते असेच. यातली एकही गोष्ट गैर नाही. ‘अर्जंट’ तर घाईत कोणीही लिहितो. फक्त विषयाची ओळ साधी असती तरी मेल पोचला असता.

शब्दांवरून शक्यता काढण्याची बेझियन पद्धत पॉल ग्रॅहम यांच्या २००२ च्या लेखामुळे रूढ झाली. चांगला मेल अडू नये म्हणून त्यांनी चांगल्या पत्रांतल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली होती. कधीच न दिसलेल्या शब्दाला त्यांनी ०.४ एवढी स्पॅमची शक्यता दिली, म्हणजे अनोळखी शब्द किंचित निर्दोष. ही उदारता मागाहूनच्या सगळ्याच फिल्टरांत उरली आहे असे म्हणवत नाही.

नियम माणसेच लिहितात, आणि तेही चुकतात. तारीख फार पुढची दिसली तर गुण लावणाऱ्या स्पॅमअसॅसिनच्या एका नियमाला २०१० हे सालच ‘दूरचे भविष्य’ वाटत होते. त्यामुळे १ जानेवारी २०१० रोजी अगदी बरोबर तारखेच्या मेलवरही दोन ते साडेतीन गुण चढले.

आता मजकुरापेक्षा पाठवणाऱ्याची पत जास्त बघितली जाते. स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून अनेकांचे मेल निघतात. त्यातल्या एकाने स्पॅम केला की पत्ता काळ्या यादीत जातो आणि सुक्याबरोबर ओलेही जळते. अंबडच्या वर्कशॉपचे कोटेशन पुण्याच्या कंपनीत पोचत नाही, त्यामागे भलत्याच गावचा जाहिरातवाला असू शकतो.

फॉरवर्डिंगचा घोळ याहून छुपा. कॉलेज रोडवरच्या सीएने ऑफिसच्या पत्त्यावरचे मेल जीमेलकडे वळवले, की जीमेलला ते मूळ पाठवणाऱ्याच्या नव्हे, सीएच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून आलेले दिसतात. कोणत्या सर्व्हरला मेल पाठवायची परवानगी आहे हे सांगणारी एसपीएफ नोंद तिथे नापास होते. मेल वाटेत बदललेला नाही हे दाखवणारी डिजिटल सही, म्हणजे डीकेआयएम, शाबूत असेल तर मेल तरतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने हे नियम कडक केले. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे हे सांगणारी नोंद) तिन्ही लागतात, शिवाय तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावे लागते.

अडवण्याच्या दोन तऱ्हांपैकी दारातून परत लावणे बरे. पाठवणाऱ्याला निदान ‘बाउन्स’ झाल्याचे कळते. स्पॅम फोल्डरमध्ये पडलेल्या मेलची दोन्हीकडे दाद-फिर्याद नसते. एकाला वाटते समोरचा उत्तर देत नाही, दुसऱ्याला वाटते कागदच आले नाहीत, आणि जीमेल ३० दिवसांनी तो मेल पुसून टाकते. म्हणून नाशिककर मेलपाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅप करतात : ‘मेल टाकलाय, स्पॅमपण बघा हो.’