व्होल्टेज भागिले करंट: रोध आणि शक्तीच्या सूत्रांमागची पार्श्वभूमी

रोध = व्होल्टेज ÷ करंट, शक्ती = व्होल्टेज × करंट. शाळेत ही दोन्ही सूत्रे एकाच पानावर भेटतात, पण त्यांचा उगम वेगवेगळा आहे. भागाकाराचे सूत्र तारेची लांबी बदलत केलेल्या प्रयोगांतून आले, गुणाकाराच्या सूत्राची वाट तापलेल्या पाण्यातून गेली. ते प्रयोग नीट पाहिले, तर आज मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारे उपकरण) हातात असूनही उत्तरे का चुकतात तेही कळते.

जर्मनीतील कोलोन येथे शिक्षक असलेल्या गेऑर्ग ओहम यांनी १८२५ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत लॉगॅरिदमचे सूत्र होते आणि ते चुकीचे होते. अडचण विद्युतस्रोताची होती. व्होल्टाच्या घटाला, म्हणजे त्या काळच्या बॅटरीला, तार जोडली की त्याचा जोर लगेच उतरू लागे, त्यामुळे करंट तारेमुळे घटला की घटामुळे, हे वेगळे काढता येत नव्हते. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी घटाऐवजी थर्मोकपल, म्हणजे तापमानातल्या फरकावर वीज देणारी दोन धातूंची जोडी, वापरण्याचा सल्ला दिला. ओहम यांनी बिस्मथ आणि तांब्याचा एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेत, दुसरा बर्फात ठेवला. तापमानातला फरक स्थिर, म्हणून स्रोतही स्थिर. करंट मोजायला पीळ दिलेल्या तारेवर टांगलेली चुंबकसूची होती. सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, सुमारे २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या, एकेक करून जोडल्या. १८२६ मध्ये आलेले सूत्र असे: करंट = अ ÷ (ब + तारेची लांबी). यात ‘अ’ म्हणजे स्रोताचा जोर.

यातला ‘ब’ माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग आहे. तो सुमारे सव्वावीस आला, आणि तापमानातला फरक कमी केल्यावर ‘अ’ उतरला तरी ‘ब’ तसाच राहिला. तारेखेरीज उरलेल्या मंडलाचा तो रोध होता. आजची सर्वांत सामान्य चूक या ‘ब’कडे दुर्लक्ष केल्याने होते. समजा, मोकळ्या बॅटरीवर ९ व्होल्ट मोजले, मग रोधक जोडला आणि करंट ०.५ अँपिअर आला. भागाकार केला की १८ ओहम, गुणाकार केला की ४.५ वॅट. पण रोधक जोडलेला असताना त्याच्याच दोन टोकांवर मोजले, तर ७.५ व्होल्ट दिसतात. म्हणजे खरा रोध १५ ओहम आणि रोधकातली शक्ती ३.७५ वॅट. उरलेले १.५ व्होल्ट बॅटरीच्या ३ ओहम अंतर्गत रोधात पडले. व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, एकाच भागाचे मोजलेले हवेत.

हेन्री कॅव्हेंडिश यांना हाच संबंध १७८१ च्या सुमारास दिसला होता, पण त्यांनी तो छापलाच नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी ती टिपणे १८७९ मध्ये प्रसिद्ध केली. ओहम यांचे १८२७ चे पुस्तक मायदेशी थंडपणे घेतले गेले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोप्ली पदक त्यांना मिळाले ते १८४१ मध्ये.

त्याच वर्षी जेम्स ज्यूल यांचा शोधनिबंध आला. तारेचे वेटोळे मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवायचे, करंट सोडायचा आणि थर्मामीटर वाचायचा. करंट दुप्पट केला की तेवढ्याच वेळात उष्णता चौपट. म्हणून शक्ती = करंटचा वर्ग × रोध. यात ओहमचा नियम घातला की व्होल्टेज × करंट मिळते, आणि व्होल्टेजचा वर्ग ÷ रोध हे तिसरे रूपही. हा वर्ग विसरला की भाग जळतात. २२० ओहमचा, पाव वॅटपर्यंत सोसणारा रोधक ५ व्होल्टवर सुमारे ०.११ वॅट घेतो आणि निवांत चालतो. तोच १२ व्होल्टवर लावला तर सुमारे ०.६५ वॅट होतात आणि तो काळा पडतो. व्होल्टेज २.४ पट, शक्ती ५.७६ पट. ओहम बरोबर निवडले, वॅट पाहिलेच नाहीत, असे फार वेळा घडते.

तोवर एककांचा गोंधळच होता, प्रत्येक प्रयोगशाळेची तार निराळी. लांब तारायंत्रवाहिन्यांतील बिघाड शोधताना ते परवडेना, म्हणून ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये समिती नेमली. ओहम, व्होल्ट आणि अँपिअर यांना १८८१ च्या पॅरिस परिषदेत आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. वॅट हे नाव विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये सुचवले.

मीटर जोडायचे कसे, हा प्रश्नही तेवढाच जुना. ०.५ ओहमचा रोधक मोजताना व्होल्टमीटरच्या कक्षेत अँमीटर आणि वायरी आल्या व त्यांचा रोध ०.२ ओहम असला, तर उत्तर ०.७ येते. म्हणून लहान रोधाला व्होल्टमीटर थेट रोधकाच्या पायांवर लावावा. १ मेगाओहमला (दहा लाख ओहमला) उलटे करावे. १० मेगाओहमचा व्होल्टमीटर थेट समांतर लावला, तर त्याचाही करंट अँमीटरमधून जातो आणि रोध सुमारे ०.९१ मेगाओहम निघतो. तिथे अँमीटर रोधकाला लागून आणि व्होल्टमीटर दोघांवर मिळून हवा.

एक मर्यादा ओहम यांच्या प्रयोगातच आहे: तारेचे तापमान फारसे बदलत नव्हते. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या तंतूच्या दिव्याचा रोध हिशेबाने सुमारे ८८२ ओहम येतो, पण विझलेल्या दिव्यावर मल्टिमीटर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दाखवतो. दोन्ही आकडे खरे आहेत. फक्त थंड आकडा घेऊन वॅट काढू नयेत.