हादऱ्यांनी लोखंडाचे ‘दाणे’ होतात?

बेळगावच्या उद्यमबागेतलं वर्कशॉप असो की खानापूर रस्त्यावरचं गॅरेज, शाफ्ट (यंत्रातला फिरता दांडा) मोडला की तुकडा उजेडात धरून कुणीतरी सांगतंच, "हादरे खाऊन लोखंडाचे आतून दाणे झाले, म्हणून तुटलं." समज जुनाच. 1842 मध्ये फ्रान्समधल्या व्हर्सायजवळ चाकांचा आस (अ‍ॅक्सल) मोडून रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा युरोपातले इंजिनिअरही हेच म्हणत होते.

दाणे पहिल्यापासूनच असतात. पोलादाचा रस थिजतो तोच स्फटिकांच्या रूपात. पॉलिश करून सौम्य नायट्रिक आम्ल लावलं की ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

मग तुटतं कशानं? भार उलटसुलट फिरत राहिला की दाण्यांच्या आत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. ही घसरण काही पट्ट्यांतच साचत जाते आणि तिथे बारीक चीर सुटते. युइंग आणि हम्फ्री यांनी 1903 मध्ये हे सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. शाफ्टमध्ये ही चीर बहुधा कीवेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) धारदार कोपऱ्यातून किंवा टूलच्या ओरखड्यातून निघते.

तुकडा पुन्हा बघा. एक भाग गुळगुळीत, बऱ्याचदा शिंपल्यासारख्या वलयांचा: तिथून चीर हळूहळू सरकली. खडबडीत, चमकदार भाग शेवटी एकदम तुटलेला. लोक नेमकं त्याच्याकडे बोट दाखवतात! हा भाग जितका मोठा, तितका शाफ्टवरचा ताण जास्त होता, असा साधारण अंदाज बांधता येतो.

भट्टीत तापवून ‘दाणे बसवायचा’ उपायही सुचवला जातो. तापवल्यानं दाण्यांचा आकार बदलतो खरा, पण पडलेली चीर सांधत नाही. त्यापेक्षा नव्या शाफ्टच्या कोपऱ्याला गोलाई द्यावी.